मनात येऊन गेलं ते

पेण आणि रोहा मिळून बावीस वर्षं मी इंग्रजी बोलायला शिकवलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार पेणला, एका स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत. मंगळवार आणि गुरुवार रोह्याला, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीतल्या हॉलमध्ये. लग्नसराईत तिथले आमचे बाक जिन्याखाली जायचे आणि क्लास आठ-आठ दिवस बंद राहायचा. माझं स्वतःचं इंग्रजी पुस्तकी. पहिली दोन वर्षं तर मी विद्यार्थ्यांच्या फक्त एक धडा पुढे असायचे, हे आता सांगायला हरकत नाही.

लोकांना वाटतं, अशा क्लासमध्ये व्याकरण शिकवतात. व्याकरण कुणालाच नको असतं. दोन महिन्यांसाठी आलेल्या माणसाची एखादी जागा अडलेली असते आणि त्याला तेवढीच मोकळी करून हवी असते. ती जागा तो पहिल्या दिवशी सांगत नाही. एक निवृत्त पोस्टमन महिनाभर काळ आणि क्रियापदं गिरवत बसले होते. महिन्यानंतर कळलं की त्यांना परदेशातल्या नातवाला फोनवर फक्त रागवायचं होतं, कारण तो मराठीत रागवलेलं मनावर घेत नव्हता. मग आम्ही आठ दिवस रागवायचीच प्रॅक्टिस केली. आमचा धंदा तो एवढा. अडलेली जागा शोधायची.

पेणजवळच्या जिते गावचा एक ड्रायव्हर होता. डोलवीच्या बाजूला कामाला असलेल्या साहेब लोकांची ने-आण करायचा. एकदा एक परप्रांतीय साहेब कुणाचं तरी घर शोधत होते. ड्रायव्हरने गल्लीचं नाव वाचून दाखवलं तसे साहेब म्हणाले, "रिंग्ज अ बेल." म्हणजे नाव ओळखीचं वाटतंय, कुठेतरी ऐकल्यासारखं. ड्रायव्हरला त्यातलं 'बेल' तेवढं कळलं. त्याने गाडी बाजूला घेतली, उतरला आणि समोरच्या बंगल्याची बेल वाजवली. दुपारची झोपमोड झालेल्या बाईंनी दार उघडलं, कोण पाहिजे म्हणून विचारलं. तो म्हणाला, "ते साहेबांना माहीत." दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे फी भरायला आला.

त्याची गोष्ट मी पुढच्या प्रत्येक बॅचला सांगायचे. सगळे हसायचे. पण सुमनताई हसल्या नाहीत. सुमनताई पेणच्या, घरगुती पापडांचा धंदा. मुंबईच्या दुकानदारांशी बोलता यावं म्हणून आलेल्या. त्यांनी हात वर केला.

"मॅडम, 'मला आठवलं'चं इंग्रजी तुम्ही 'आय रिमेंबर्ड' सांगितलंत."

"हो."

"मग त्यात 'मला' कुठंय? ते तर 'मी' झालं. मी लाटलं, मी वाळवलं, तसं मी आठवलं. पण मी काय केलं त्यात? मी तर पापड मोजत होते. ते आपलं आपण आलं."

मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. इतकी वर्षं मराठी बोलत होते, इंग्रजी शिकवत होते, पण हे मला दिसलं नव्हतं. मराठीत माणूस विचार करतो, पण आठवतं त्याला, सुचतं त्याला, वाटतं त्याला. सुमनताईंना मी म्हटलं, पुढच्या तासाला सांगते. बावीस वर्षांत हे वाक्य मी पुष्कळदा वापरलं आणि बहुतेक वेळा पुढच्या तासाला विषय बदलला. या वेळी मात्र बदलवेना.

त्या आठवड्यात मी एक वही केली. डाव्या पानावर आपले शब्द: सुचलं, आठवलं, उमगलं, ध्यानात आलं, डोक्यात आलं, मनात आलं, मनात येऊन गेलं. उजव्या पानावर इंग्रजी. 'इट स्ट्रक मी', म्हणजे विचार येऊन आदळला. 'इट क्रॉस्ड माय माइंड', म्हणजे रस्ता ओलांडावा तसा मनातून या बाजूने त्या बाजूला गेला, थांबला नाही. 'इट डॉन्ड ऑन मी', म्हणजे उजाडत जावं तसं हळूहळू कळत गेलं. 'इट ऑकर्ड टु मी', म्हणजे नुसतं सुचलं, फार गाजावाजा नाही. सगळीकडे करणारा तो विचारच. माणूस आपला जागच्या जागी. म्हणजे इंग्रजीतही ते आपलं आपण येतं. सुमनताईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग बरं." आणि वहीत लिहून घेतलं.

मला या गोष्टीचा नादच लागला. रोह्याच्या गाडीत बसल्या बसल्या मी लोकांचं बोलणं ऐकायचे. नागोठण्याला चढलेली एखादी बाई शेजारणीला म्हणायची, "मना वाटलंच व्हतं गो." मी मनात म्हणायचे, आता हे 'वाटलंच'मधलं 'च' इंग्रजीत कुठे ठेवायचं?

पण नाद वेगळा आणि क्लास वेगळा. क्लासमध्ये दोन महिन्यांत सगळं बसवायचं असतं. दिवसभर कंपनीत उभं राहून आलेल्या माणसांना चार वाक्यांतला बारीक फरक सांगत बसले तर ती पेंगतात. म्हणून मी एक कागद छापून घेतला. वर मथळा, 'मनात येणे'. खाली ही चार वाक्यं. वाटताना सांगून टाकायचे, "चारही एकच. जे तोंडात बसेल ते वापरा."

माझ्या वहीत चार वेगळी होती आणि कागदावर एक. हे मला माहीत असून मी सात-आठ वर्षं तो कागद वाटला.

हरेश म्हात्रे मला रोह्याच्या बॅचमध्ये भेटला. पस्तिशीचा, अंगाने आडवा, बोलायला मऊ. त्याचे वडील आणि आजोबा पेणच्या खाडीकडच्या मिठागरावर राबलेले. हा आयटीआय करून औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा रसायनाच्या कंपनीत ऑपरेटर म्हणून चिकटला आणि रोह्याजवळ वरशाला बिऱ्हाड केलं. कंपनीत नवे अधिकारी आले तसे सगळे रिपोर्ट इंग्रजीत लिहायचे ठरलं. पुढे शिफ्ट इन्चार्जची जागा निघणार होती. कामाच्या मानाने ती हरेशलाच मिळायला हवी होती, पण रिपोर्ट लिहिण्यात तो मागे पडायचा. अडलेली जागा ही अशी.

चार वाक्यांचा कागद हातात पडल्यावर त्याने चारही मोठ्याने म्हणून पाहिली. 'डॉन्ड' त्याच्या तोंडात बसेना. 'ऑकर्ड'ला तो अडखळला.

"मॅडम, हा क्रॉसवाला बरा हाय. क्रॉस आमच्या रोजच्या बोलन्यातला. रेल्वे क्रॉसिंग."

"तो घे मग," मी म्हणाले.

त्याने घेतला. सगळीकडे वापरायला लागला. वाढदिवस आठवला तरी क्रॉस्ड माय माइंड, भूक लागली तरी क्रॉस्ड माय माइंड. मी हसून सोडून द्यायचे. निदान तोंड उघडून बोलतोय, याचंच समाधान.

क्लास संपून सहा-सात महिने झाले असतील. एका गुरुवारी संध्याकाळी बॅच सुरू व्हायच्या अर्धा तास आधी मी हॉलवर पोचले, तर हरेश जिन्यात बसलेला. हातात कंपनीचं पाकीट. चेहरा उतरलेला.

आत येऊन त्याने झालेलं सांगितलं. तीनेक आठवड्यांपूर्वी, पहिल्या शिफ्टला, सकाळी अकराच्या सुमारास, कॉस्टिकच्या लाइनवर गळती झाली होती. कॉस्टिक म्हणजे अंगावर पडलं तर कातडी जाळणारं द्रव. दोन पाइप जिथे जोडतात तिथे मध्ये रबरासारखी चकती बसवतात, तिला गॅस्केट म्हणतात. ती गॅस्केट खराब झालेली होती. हरेशने पंप सुरू केला, लाइनमध्ये दाब आला आणि सांध्यातून फवारा उडाला. समोर त्याचा जोडीदार प्रकाश उभा होता. डोळ्यांवर गॉगल होता म्हणून डोळे वाचले. मान आणि उजवा हात भाजला. हरेशने पंप बंद केला, प्रकाशला ओढत पाण्याच्या शॉवरखाली नेलं आणि गाडी येईपर्यंत पाण्याखाली धरून ठेवलं. प्रकाश पंधरा दिवस पनवेलच्या दवाखान्यात होता. आता घरी होता. तोही वरशालाच राहायचा, हरेशपासून चार घरं सोडून.

"आनि हे आलं," हरेशने पाकीट पुढे केलं.

आत दोन कागद होते. एक त्याने स्वतः त्या दिवशी लिहिलेला रिपोर्ट. दुसरं कंपनीचं पत्र. रिपोर्टमधल्या एका वाक्याखाली कुणीतरी लाल रेघ ओढली होती. वाक्य असं होतं: व्हाइल स्टार्टिंग द पंप, इट क्रॉस्ड माय माइंड दॅट गॅस्केट इज नॉट ओके.

पत्रात लिहिलं होतं की, पंप सुरू करताना गॅस्केटबद्दलची शंका तुमच्या मनात येऊन गेली, असं तुम्हीच लिहिलेलं आहे. तरीही तुम्ही पंप सुरू केला. तुमच्यावर कारवाई का करू नये, याचा तीन दिवसांत खुलासा द्यावा.

मी रिपोर्ट दोनदा वाचला.

"हरेश, तुला काय लिहायचं होतं?"

"पंप चालू केला, फवारा आला, तवा ध्यानात आलं की गॅस्केट गेली असनार. ते लिवलं."

"ध्यानात आलं, ते फवारा आल्यावर?"

"व्हय."

"मग क्रॉस्ड का लिहिलंस?"

"तुम्हीच बोललात ना, चारही एकच."

त्याला मी बाकावर बसवलं आणि दारावर क्लास बंदची चिठ्ठी लावून आले. बॅचची माणसं येऊन परत गेली. मी कोरा कागद घेतला. मला वाटत होतं की काम सोपं आहे. चूक शब्दाची आहे, शब्द माझा आहे. खुलाशात लिहायचं की शब्द चुकीचा पडला, म्हणायचं होतं ते 'डॉन्ड', आणि तेही अपघात झाल्यावर. गरज पडली तर मी स्वतः जाऊन सांगेन.

"आता मला त्या दिवशीचं पहिल्यापासून सांग," मी म्हटलं. "मराठीत सांग. कामावर कधी गेलास, काय केलंस. काही वगळू नकोस."

त्याने सांगायला सुरुवात केली. सातला शिफ्ट. चहा. खालची फरशी धुवून झाली. टाक्यांच्या मापाची नोंद केली. मग तो थांबला.

"काय झालं?"

"काय नाय."

"सांग."

"मॅडम, खरं बोलू?" त्याने आवाज खाली घेतला. हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो तरी. "सकाली नवाच्या टायमाला मी त्या सांध्याखालून गेलो. खाली फरशीवर ओल व्हती. एवढीशी, बशीएवढी. बाकीची फरशी सुकलेली. मी बघितली. मना काय तरी वाटलं."

"काय वाटलं?"

"तेच तर. काय ते कललं नाय. फरशी धुतलेली, त्याचं पानी असंल, असं बोललो मनाशी आनि पुढं गेलो. परत ध्यानातच नाय आलं. फवारा आला तवा एकदम ती ओल डोल्यांसमोर आली."

मी पेन खाली ठेवलं. म्हणजे ते वाक्य सगळंच चुकलेलं नव्हतं. वेळ चुकली होती, पण शब्द बरोबर होता. रस्ता ओलांडावा तसा विचार त्याच्या मनातून इकडून तिकडे गेला होता आणि थांबला नव्हता. इतक्या वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने ते वाक्य इतकं बरोबर वापरलं नसेल, आणि वापरणाऱ्याला ते माहीतही नव्हतं.

यानंतर मी जे बोलले ते लिहायला नको वाटतं, पण लिहिते.

मी म्हणाले, "हे ओलीचं कुणाला सांगितलंयस का?"

"नाय."

"मग लिहू नकोस. विचारलंय ते रिपोर्टमधल्या वाक्याबद्दल. ते वाक्य चुकीचं पडलं एवढंच सांगू. त्यात खोटं काही नाही. तुला लिहायचं होतं ते 'ध्यानात आलं', तेच लिहितोय आपण."

त्याने रिपोर्टची घडी घालून तो परत पाकिटात ठेवला. मग म्हणाला, "प्रकाशच्या हाताची पट्टी बदलायला मी जातो, मॅडम. त्याची बायको घाबरते, म्हनून. पट्टी सोडताना रोज मना ती ओल दिसते. आता कागदावर पन नाय लिवली तर ती कुठं जायाची?"

मी शिक्षिका होते आणि तो विद्यार्थी. मला लाज वाटली. मी नवा कागद घेतला.

त्या संध्याकाळी आम्ही दोन तास बसलो आणि फक्त दहा-बारा ओळी लिहिल्या. माझ्या बावीस वर्षांत मी इतक्या मन लावून इंग्रजी लिहिलेलं नाही. नऊ वाजताच्या ओलीसाठी 'क्रॉस्ड माय माइंड' ठेवलं आणि पुढे स्पष्ट लिहिलं की नेमकं काय बिघडलंय हे त्या वेळी कळलं नव्हतं. फवारा आला त्या क्षणासाठी 'स्ट्रक'. नंतर प्रकाशला पाण्याखाली धरलेलं असताना ओल आणि गॅस्केट यांचा संबंध हळूहळू कळत गेला, त्यासाठी 'डॉन्ड'. प्रत्येक वाक्य मी पुन्हा मराठीत करून सांगायचे आणि तो मान हलवायचा किंवा "नाय, तसं नाय" म्हणायचा. एका ठिकाणी मी 'मला भीती वाटली' असं घातलं होतं. ते त्याने काढायला लावलं. म्हणाला, "भीती नाय वाटली. भीती वाटली असती तर थांबलो असतो."

चौकशीला मी गेले. हरेशने अर्ज करून मागितलं होतं की इंग्रजी समजावून सांगायला आपल्या मॅडमना बसू द्यावं, आणि त्यांनी बसू दिलं. एका खोलीत तीन अधिकारी होते. मुख्य साहेब बाहेरच्या ऑफिसातून आलेले, साठीच्या जवळपास, मूळचे तमिळ. त्यांनी खुलासा सावकाश वाचला. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"यह आपने लिखा है?"

"वाक्यं त्याची आहेत. इंग्रजी माझं," मी म्हणाले. मग माझ्या पिशवीतून तो छापील कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. वर 'मनात येणे', खाली चार वाक्यं. "आणि पहिल्या रिपोर्टमधला शब्द इथून आला. चारही एकच, असं मीच शिकवलं होतं."

त्यांनी तो कागद हातात घेऊन पाहिला. रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांनी विचारलं, "मराठी में इसको क्या बोलते हैं?" मी सांगितलं, मनात येऊन गेलं. त्यांनी विचारलं, कुणाच्या? मी म्हटलं, 'माझ्या मनात'. आणि वाटलं म्हणायचं तर 'मला' वाटलं. ते थोडं हसले. म्हणाले, आमच्याकडेही 'मला'च. माणूस काही करत नाही, ते त्याला येतं. एवढं बोलून कागद बाजूला ठेवला आणि हरेशकडे वळले. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"आया, ठीक है. बोला क्यों नहीं?"

हरेश उभाच होता. त्याने हिंदीत सुरुवात केली आणि अर्ध्यावर मराठीत आला. मी भाषांतर करत गेले.

"साहेब, काय बोलू? फरशी वली हाय, एवढंच बोलायला व्हतं. तक्रारीचा फॉर्म भरायचा तर त्यात कारन लिवायचं, कुठला पार्ट खराब ते लिवायचं, ते पन इंग्लिशमध्ये. मना कारन म्हाईत नव्हतं. नुसतं वाटलं. वाटलं, हे कुठल्या रकान्यात लिवतात?"

साहेबांनी काही लिहून घेतलं. दुसऱ्या एका अधिकाऱ्याने विचारलं की हे ओलीचं तुम्ही स्वतःहून का लिहिलंत, आम्हाला तर माहीतच नव्हतं. हरेश म्हणाला, "मना म्हाईत व्हतं."

निकाल महिन्याभराने लागला. नोकरी राहिली. लेखी ताकीद मिळाली आणि शिफ्ट इन्चार्जची जागा त्या वर्षी दुसऱ्याला गेली. ओलीचं लिहिलं नसतं तर कदाचित ताकीदही मिळाली नसती, जागाही मिळाली असती. हे मी अजून कधी कधी मोजत बसते आणि उत्तर येत नाही. हरेशला विचारलं तर तो म्हणतो, झोप लागते.

आणखी एक झालं. कंपनीच्या शिफ्टच्या वहीत एक नवा रकाना आला. मथळा एकच शब्द, 'शंका'. खाली बारीक अक्षरात: कोणत्याही भाषेत लिहावे, कारण लिहिण्याची गरज नाही. त्या तमिळ साहेबांनी जाता जाता ते करायला सांगितलं होतं, असं हरेश म्हणाला.

निकालाच्या आधी, चौकशी झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आम्ही दोघं प्रकाशच्या घरी गेलो होतो. कागदावर लिहिलं ते प्रकाशला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपण सांगायचं, असं हरेशचं म्हणणं. मी यावं असं त्याला वाटत होतं, आणि मलाही माझ्या कागदाबद्दल सांगायचं होतं. प्रकाश मूळचा रोह्याच्या आतल्या बाजूच्या गावचा. घरची भाताची शेती, शिवाय वाल, आणि कंपनीत नोकरी. मुळातच कमी बोलणारा. पलंगावर टेकून बसला होता, मानेवरची कातडी गुलाबी, नवी. त्याच्या बायकोने आम्हाला पाणी दिलं आणि दारात उभी राहिली.

हरेशने सगळं सांगितलं. बशीएवढी ओल, नऊचा टाइम, काहीतरी वाटलं, पुढे गेलो. सांगताना त्याने मान वर केली नाही.

प्रकाश आपल्या हाताकडे बघत होता. मग म्हणाला, "सांध्याच्या डाव्या अंगाला ना?"

हरेशने वर पाहिलं.

"मी पन बघितली व्हती," प्रकाश म्हणाला. "तुज्या आधी. चहाला जाताना. माज्या पन मनात आलं. मग बोललो, हरेश हाय, तो बघंल."

त्याची बायको दारातून आत निघून गेली. हरेश उठला, नेहमीसारखं ट्रेमधलं सामान घेतलं आणि प्रकाशच्या हाताची पट्टी सोडायला बसला. मी बाजूला सरकून त्यांना जागा करून दिली. माझ्या कागदाबद्दल बोलायचं राहूनच गेलं.

दोन वर्षांपूर्वी मी क्लास बंद केला. शेवटच्या काही बॅचेसना मी तो छापील कागद दिला नाही. चार वाक्यांचे चार तास घ्यायला लागले. लोक पेंगायचे, मी त्यांना उठवायचे. विचार आला कधी, थांबला की गेला, आणि मग तुम्ही काय केलं, हे प्रत्येकाला स्वतःच्या आयुष्यातलं सांगायला लावायचे, आधी मराठीत. बरीच माणसं तिथेच अडायची. इंग्रजीपर्यंत जायची गरजच पडायची नाही.

हरेशचा अजून फोन येतो. मध्यंतरी त्याने सांगितलं की प्रकाश कामावर परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात शंकेच्या रकान्यात त्याने लिहिलं. काय लिहिलं ते हरेशला पाठ होतं: "दोन नंबर पंप. आवाज येगला वाटतो. काय ते कलत नाय."

"मग?" मी विचारलं. "काय निघालं?"

"काय नाय निघालं," हरेश म्हणाला. "पंप बरोबर व्हता. पन थांबवला, नि उघडून बघितला."